चावी मावशींकडे आहे, मग कोयंडा कोणी उचकटला?

पत्राचा सारांश: पुण्याच्या उपनगरातल्या १६ फ्लॅटच्या सोसायटीत राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. घरी सासू-सासरे, नवरा आणि अकरावीतला मुलगा. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्या इमारतीतले दोन बंद फ्लॅट भरदुपारी कडी-कोयंडा उचकटून फोडले गेले. त्याच आठवड्यात खाली उभ्या असलेल्या एका गाडीची काच फोडून लॅपटॉपची बॅग गेली. तेव्हापासून ताईंची झोप उडाली आहे, रात्री जरा खुट्ट झालं तरी त्या उठून दार बघतात. नऊ वर्षं कामाला येणाऱ्या मावशींकडे घराची एक चावी असते. सासूबाईंचं म्हणणं, आधी त्यांना बंद करा. नवऱ्याच्या मनात आठ कॅमेरे आणि बाल्कनीला अख्खं ग्रिल. गणपतीला सगळ्यांनी गाडीने रत्नागिरीजवळच्या गावी जायचं ठरलंय, पण ताई म्हणतात, 'घराला कोणीतरी हवं, मी एकटी मागे राहते.' त्यांचं बरोबर आहे का, असा प्रश्न.

ताई,

दोन्ही फ्लॅटचे कडी-कोयंडे उचकटले होते, हे तुम्हीच लिहिलंय. आणि सासूबाईंचा संशय मात्र अशा बाईवर आहे की जिच्याकडे चावी आहे. चावी असलेला माणूस कटावणी कशाला घेऊन येईल? शिवाय त्या दोनपैकी एका घरी मावशी कधी कामालाच नव्हत्या, हेही तुमच्याच पत्रात आहे.

सासूबाई यावर म्हणतील, चोरी केली नसेल, पण टीप तर दिली असेल. टीप देणारा आतला असतो हे खोटं नाही. पण मग कोण कोण गावाला गेलंय हे कोणाकोणाला ठाऊक होतं याची यादी करायला बसा. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, गाड्या पुसणारा मुलगा, वॉचमन, पार्सल आणणारे, सोसायटीचा ग्रुप, आणि महाबळेश्वरहून टाकलेलं स्टेटस बघणारे सगळे. या यादीतून एका मावशींना काढून घर सुरक्षित होत नाही. उलट एकदा का 'चोर मिळाला' असं मनाने घेतलं की दार तसंच राहतं. आणि चोरीच्या संशयावरून एका घरातून काढलेल्या बाईची बाकीच्या चार घरांतली कामंही आठवड्याभरात जातात, ती कोणी तिला परत मिळवून देत नाही.

तेव्हा मावशींना ठेवा. गणपतीच्या दिवसांपुरती मात्र चावी त्यांच्याकडून मागून घ्या, आणि ती आडवळणाने नको, समोर बसवून घ्या: 'आम्ही नसताना काही झालं तर पहिलं बोट तुमच्याकडे जाईल, ते आम्हाला नकोय.' त्यांना हे पटेल, कारण ही भीती त्यांनाही असतेच. त्या दिवसांचा पगार कापू नका. पोलीस पडताळणी नवीन माणूस ठेवताना जरूर करा, पण नऊ वर्षांनी, शेजारी चोरी झाल्यावर, एकट्या त्यांचीच केलीत तर तो सरळसरळ आरोप होतो. करायचीच असेल तर सोसायटीने सगळ्यांची एकदम करावी, वॉचमनसकट.

आता दाराकडे या. बहुतेक फ्लॅटच्या दाराला बाहेरून एक कडी असते आणि तिला आपण बाजारातलं सगळ्यात वजनदार कुलूप लावतो. ते कुलूप कोणी तोडत बसत नाही. ज्या कोयंड्यात ते अडकलेलं असतं तो चार बारक्या स्क्रूंवर उभा असतो, आणि स्क्रू जेमतेम अर्धा-पाऊण इंच लाकडात गेलेले असतात. कटावणी कोयंड्याच्या मागे सारली आणि एकदा जोर दिला की कुलूप शाबूत राहतं आणि कोयंडा हातात येतो. 'कडी-कोयंडा उचकटून' हे शब्द चोरीच्या बातमीत इतके नेहमीचे झालेत ते उगाच नाही. दुसरं असं की बाहेर लोंबणारं कुलूप जिन्यावरून जाणाऱ्या कोणालाही 'घरात कोणी नाही' हे सांगत असतं.

या आठवड्यात सुताराला बोलवा आणि त्याला तीन कामं सांगा. दाराच्या जाडीत बसणारं, दोन-तीन दांडे चौकटीत घुसवणारं कुलूप बसवायचं. ते बाहेरून लावलेलं आहे की उघडं हे कळत नाही. चौकटीवरची जी पट्टी ते दांडे धरून ठेवते तिचे बारके स्क्रू काढून चौकटीच्या पार पलीकडे भिंतीपर्यंत जातील असे लांब स्क्रू मारायचे. आणि बाहेरची कडी काढूनच टाकायची. चोर आधी शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घालतात आणि मग निवांत काम करतात. आवाज ऐकून शेजारी उठला तरी तो आपल्याच घरात कोंडलेला. तुमची कडी निघाली तर शेजाऱ्याला तुमचा उपयोग आहे, त्याची निघाली तर तुम्हाला त्याचा. म्हणून हे काम सगळ्या मजल्याने मिळून करायचं. सुतारही एकाच खेपेत करून देईल.

सेफ्टी डोअर असेल तर एक बघून घ्या. त्याच्या जाळीतून किंवा नक्षीतून हात आत घालून आतली कडी सरकवता येते का? बऱ्याच दारांची येते. तिथे आतून चावीने लागणारं कुलूप हवं. चावी जवळच, पण जाळीतून हात पोचणार नाही अशा खिळ्याला.

तुम्ही रात्री उठून दार बघता असं लिहिलंय. पण तुमच्या इमारतीत चोर आले दुपारी. रात्रीच्या चोराची भीती आपल्या हाडामांसात आहे, कायद्यातही ती दिसते: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ प्रमाणे चोरीसाठी दिवसा केलेल्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तर सूर्यास्तानंतरच्या घरफोडीला चौदा. शहरातल्या फ्लॅटचं गणित मात्र वेगळं आहे. दुपारी दोघंही नोकरीला, मुलं क्लासला, जिन्यात अनोळखी माणूस दिसला तर तो पार्सलवाला असणार असं गृहीत. बंद फ्लॅट फोडणाऱ्याला माणसं नको असतात. रात्री तुम्ही पाचही जण घरात झोपलेले असता, त्यामुळे तुमच्या घराला धोका असेलच तर तो तुम्ही ऑफिसात असताना. हे वाचून झोप लगेच येईल असं नाही, पण तिसऱ्यांदा दार बघायला उठाल तेव्हा एवढं स्वतःला सांगा. दोन-तीन महिन्यांतही हे थांबलं नाही तर डॉक्टरांशी बोला, त्यात कमीपणा काही नाही.

बंद घर बंद दिसू न देणं हे खरं तर कुलपाच्याही आधीचं काम. दारात साठलेले पेपर, दुधाच्या पिशव्या, कडीत अडकवलेली क्लासची जाहिरात, चार दिवस न काढलेली रांगोळी, आणि दिवसाढवळ्या जळत राहिलेला बाल्कनीतला दिवा. हा शेवटचा तर मला नेहमी गमतीचा वाटतो. 'घरात कोणीतरी आहे' असं दाखवायला लावलेला दिवा भर उन्हात ओरडून सांगतो की घरात कोणी नाही. त्यापेक्षा वेळेनुसार आपोआप लागणारा-विझणारा प्लग किंवा बल्ब मिळतो, तो हॉलला आणि एका खोलीला वेगवेगळ्या वेळा लावून ठेवा. पेपर-दूध पाच दिवस बंद करण्याऐवजी शेजाऱ्यांना घ्यायला सांगा. बंद केलंत तर आणखी दोन माणसांना तुमच्या तारखा कळतात. मुलाला बजावा की गावचे फोटो परत आल्यावर टाकायचे. अकरावीतल्या मुलाला हे पटवणं सुताराच्या कामापेक्षा अवघड आहे, पण त्याला दोन फ्लॅटची गोष्ट माहीत आहे. निघण्यापूर्वी चौकीत तारखा कळवून ठेवा, म्हणजे गस्तीवरच्या माणसांना तुमचा पत्ता माहीत राहील.

कॅमेऱ्यांबद्दल तुमच्या यजमानांशी माझं अर्धंच जमतं. कॅमेरा चोरी थांबवत नाही, चोरीचं चित्रीकरण करतो. टोपी आणि मास्क घातलेल्या दोन आकृत्या जिना चढताना दिसतात, त्या पाहून घरच्यांना नुसताच त्रास होतो. आठ कॅमेरे एका घराला लावण्यापेक्षा सोसायटीने चार लावावेत: गेटवर गाडीचा नंबर वाचता येईल अशा उंचीला एक, येणाऱ्याचा चेहरा समोरून दिसेल असा एक, पार्किंगमध्ये एक, जिन्याच्या तोंडाशी एक. ज्या डब्यात रेकॉर्डिंग साठतं तो टीव्हीखाली ठेवलात तर चोर तोही उचलून नेतात. तो कुलूपबंद जागी हवा, इन्व्हर्टरवर हवा, आणि त्याचं घड्याळ बरोबर हवं. पुढे न्यायालयात हे चित्रीकरण पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. घड्याळ दोन तास मागे असलं की तिथे प्रश्न उभे राहतात. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि कॅमेरा शेजाऱ्याच्या दारावर रोखू नका, नाहीतर चोर येण्याआधी भांडण येईल.

वॉचमनचंही त्याच सभेत काढा. जो माणूस पंप चालू करतो, कुंड्यांना पाणी घालतो, तीन नंबरच्या काकूंचा सिलिंडर वर नेतो आणि बारा तासांची पाळी संपवून दुसरीकडे पुन्हा उभा राहतो, तो गेटवर असणार कधी? पगार वाढवून फक्त गेटचं काम द्या. चार कॅमेऱ्यांपेक्षा याचा उपयोग जास्त होईल असं माझं मत आहे, सभेत मात्र ते कोणाला आवडणार नाही.

बाल्कनीच्या अख्ख्या ग्रिलला माझा विरोध आहे. तुमच्या इमारतीतले चोर दारातून आले. ग्रिल त्या वाटेत नाहीच. पण उद्या स्वयंपाकघरात आग लागली आणि मुख्य दाराकडे धूर असला, तर सासू-सासऱ्यांना बाहेर काढायची वाट तुम्हीच बंद केलेली असेल. तळमजला असेल, किंवा ड्रेनेजचा पाइप बाल्कनीला अगदी लागून असेल, तर ग्रिल बसवा, पण त्यात आतून उघडणारी खिडकी ठेवा. तिची चावी कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना, अगदी आजींनाही, अंधारात सापडेल इतकं माहीत हवं.

दागिन्यांचं तुम्ही काही लिहिलं नाही, पण गौरी आहेत म्हणजे लॉकरमधून काही ना काही निघणार. गौरींना खऱ्या सोन्याने मढवायचं आणि पुढचे आठ दिवस ते लोखंडी कपाटात, कपाटाची चावी साड्यांच्या घडीखाली, हा आपल्याकडचा जुना रिवाज. चोरांनाही तो पाठ आहे. गादी, देवघर, तांदळाचा डबा, सगळं त्यांनी उलथून पाहिलेलं असतं. त्यामुळे लॉकर उघडायचा दिवस निघण्याच्या अगदी आदला ठेवा, आणि परत ठेवायचा दिवस बँकेच्या सुट्ट्या बघून आजच ठरवा. लॉकर हा उत्तम मार्ग, पण त्याची हद्द माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची फसवणूक यांत नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आत वीस तोळे असले तरी तेवढेच.

घराच्या विम्याचंही असंच. एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्या विकतात ती 'भारत गृह रक्षा' पॉलिसी मुळात आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. तशा संकटानंतर सात दिवसांत झालेली चोरी तिच्यात येते, पण एरवी कोणी दार फोडलं तर नाही. घरफोडीचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं, दागिन्यांचं त्याहून वेगळं. तुमची पॉलिसी गृहकर्जाबरोबर गळ्यात मारलेली असेल तर काढून वाचा.

आता तुमचा मूळ प्रश्न: मागे राहायचं का? नको. घरात माणूस असला की बंद घर शोधणारा चोर पुढे जातो, हे खरं आहे. पण तो माणूस म्हणजे भीतीने आधीच झोप उडालेली एकटी बाई असावी, आणि तीही सणाच्या पाच रात्री, हे मला अजिबात पटत नाही. नणंदेचा मुलगा पुण्यातच होस्टेलवर आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय. त्याला विचारा. पाच दिवस मोकळं घर, वायफाय आणि भरलेला फ्रिज मिळत असेल तर होस्टेलवरचा मुलगा नाही म्हणणार नाही. मित्रांची मैफल भरवू नकोस, एवढी अट घाला. तो जमला नाही तर शेजारच्या आजोबांनी सकाळ-संध्याकाळ दार उघडून दिवा लावावा, खिडकी बदलून उघडावी. तेही पुरेसं आहे.

गाडीकडे येते. त्या शेजाऱ्याची काच फुटली ती सीटवर बॅग दिसत होती म्हणून. बॅग रिकामी असती तरी फुटलीच असती, कारण चोराला ती रिकामी आहे हे काच फोडल्यावरच कळतं. चार्जरची वायर, गॉगलची डबी, जॅकेट, काहीही दिसता कामा नये. सामान डिकीत टाकायचं तर घरून निघतानाच टाका, हॉटेलसमोर गाडी लावल्यावर सगळ्यांदेखत नको.

घरात मुख्य दाराशेजारी चाव्यांचा स्टँड असेल तर तो आजच आत न्या. दार फोडून आलेल्याला गाडीची चावी तिथेच मिळाली तर तो चालत जात नाही. बटणावर सुरू होणारी नवी गाडी असेल तर आणखी एक: चावीचा सिग्नल दाराबाहेरून पकडून, दुसऱ्या साथीदारामार्फत गाडीपर्यंत पोचवून ती सुरू करायची युक्ती चोरांना येते. अशी चावी दारापासून लांब, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवायची. डबा काम करतो का हे बघायला चावी आत टाकून डबा गाडीजवळ न्या, गाडी उघडली तर डबा बदला. जुन्या गाडीला स्टेअरिंगवर अडकवायचा जाड दांडा किंवा गिअरचं कुलूप पुष्कळ झालं. बाहेरून दिसतं, आणि दिसावं म्हणूनच लावायचं. आरसीची मूळ प्रत गाडीत ठेवू नका, डिजिलॉकरमधली चालते.

कराड, मलकापूर, आंबा घाट असे जाणार असाल तर चहाला दोनदा तरी थांबाल. रिमोटचं बटण दाबून पाठ फिरवू नका, हँडल ओढून बघा. कोणी काचेवर टकटक करून 'इंजिनातून ऑइल गळतंय' किंवा 'तुमच्या नोटा पडल्यात' म्हणालं, तर काच खाली न करता हात जोडा आणि पुढच्या पेट्रोल पंपावर जाऊन बघा. गाडीतून उतरणारा माणूस एका बाजूला आणि दागिन्यांची पर्स दुसऱ्या बाजूने, असा तो सगळा प्रकार असतो. उतरायचंच झालं तर एकाने आत बसून दारं लावून घ्यायची.

निघण्यापूर्वी गाडीच्या विम्याचा कागद काढा. फक्त थर्ड पार्टी असेल तर गाडी चोरीला गेल्यावर एक रुपया मिळत नाही. पूर्ण विमा असेल तरी कंपनी दोन्ही चाव्या मागते, तेव्हा दुसरी चावी कुठे आहे ते आज शोधा. गाडी गेलीच तर आधी पोलीस, मग लगेच कंपनी. पोलिसांत तातडीने फिर्याद दिली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलंय. पण त्यावर विसंबून उशीर करू नका. शोध लागला नाही की पोलीस न्यायालयात 'अ समरी' पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण उलगडला नाही. विमा कंपनी त्या कागदावर अडून बसते, त्यामुळे त्याचा पाठपुरावा सोडू नका. आणि फास्टॅग घाईने बंद करू नका. चोराने तो काढला नसेल तर टोलचा मेसेज तुमच्याच फोनवर येतो, तो तसाच पोलिसांना दाखवा.

घराबाबत एवढं करूनही परत आल्यावर दार उचकटलेलं दिसलं, तर आत पाऊल टाकू नका. चोर आत असू शकतो, नसला तरी त्याचे ठसे असतात. जिन्यातच थांबून ११२ लावा. ठसेतज्ज्ञ येऊन जाईपर्यंत कपाटाला हात लावायचा नाही, कितीही जीव वर-खाली झाला तरी. फिर्यादीत दागिन्यांची फक्त किंमत नको, प्रत्येकाचं वजन आणि वर्णन लिहायला सांगा: 'दोन पदरी मंगळसूत्र, वाट्यांवर अमुक नक्षी, इतके ग्रॅम.' पुढे मुद्देमाल सापडला की तो तुमचाच हे यावरूनच ठरतं. म्हणून लॉकर उघडाल त्या दिवशी प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, सराफाच्या पावत्यांचे फोटो काढा, आणि ते फोनशिवाय आणखी कुठेतरी, नणंदेला मेल करून का होईना, ठेवा. एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट मिळते, मागून घ्या. काही वस्तू चार दिवसांनी आठवतात, तसं झालं तर पुरवणी जबाब देता येतो.